आप्पासाहेबांचं बटण

मोबाइलला रेंज नसलेल्या बुरूड गल्लीने गच्चीगच्चीवर वाय-फायचे डबे बसवून स्वतःचं इंटरनेट उभं करायचं ठरवलं. आखणी रेवती तोडकरकडे होती.

मंडळाचे अध्यक्ष आप्पासाहेब बैठकीत गरजले, "मुख्य डबा माझ्या गच्चीवर! मी बटण बंद केलं की गल्ली बंद!"

"बसवू की," रेवती म्हणाली. मात्र तिने प्रत्येक डबा दोन-तीन गच्च्यांशी जोडला. एक रुसला, तर दुसऱ्या वाटेने काम चालावं.

उद्घाटनाला पहिला हार भलत्याच्याच गळ्यात पडला. आप्पासाहेब तणतणत घरी गेले आणि बटण बंद करून मिशांना पीळ देत परतले. बघतात तर सगळ्यांचे फोन चालूच!

"मी बंद केलंय, कळलं नाही का कुणाला?"

"कळलं तर!" रेवती म्हणाली. "तुम्ही रुसल्याचा निरोप घरोघरी पोचलाय, आप्पा. तुमच्याच घरी तेवढा पोचला नाही."