तांबेऱ्याभोवतीचं हिरवं

“मग ही झोळी परत घेताय ना, बुवा?” अंबादासनं पुन्हा विचारलं.

लहानगीरबुवा शेताच्या बांधावर बोर चघळत बसले होते. समोर मठाचा गहू, ओंब्यांवर आलेला.

त्या मठाची रीत अशी, की शिष्य तयार झाला की बुवा त्याच्या खांद्याला झोळी अडकवणार, आणि झोळी मिळालेल्यानं दुसऱ्या दिवशी उजाडता मठ सोडायचा. अंबादासला आज सकाळी झोळी मिळाली होती. जायचं होतं जांबवाडीला. तिथला मठ ओस पडलेला. आमच्या पोरांना चार शब्द शिकवायला कुणीतरी द्या, म्हणून गावकरी विनवून गेले होते.

आता अंबादास म्हणजे मठातला सगळ्यात हुशार शिष्य, आणि ते त्याला चांगलंच ठाऊक होतं.

“बाकीचे गेले,” तो म्हणाला. “झोळी मिळाली की हसत हसत गेले. त्यांची भक्तीच तेवढी. मी जायचा नाही.”

“बरं.”

“तुमच्याजवळ आहे तोवर मी हिरवागार आहे. लांब गेलो की वाळून जाईन.”

“असं म्हणतोस...”

“आणि तुमचं आंघोळीचं पाणी कोण तापवणार? भाकरी कुस्करून कोण देणार? दात तरी राहिलेत का तुम्हाला?”

“दोन आहेत की,” बुवा म्हणाले आणि बोराची बी थुंकली.

खरं सांगायचं तर बुवांचाही जीव होता त्याच्यावर. काही लागलं तर पहिली हाक त्यालाच जायची. सकाळी झोळी अडकवताना म्हाताऱ्यानं बंदाची गाठ तीनदा सोडून पुन्हा बांधली, ते सगळ्या मठानं पाहिलं होतं.

बुवांनी हात लांबवून गव्हाचं एक पान खुडलं. पालथं करून उन्हाकडे धरलं.

“पिवळं पडलंय बघ. पण सगळं नाही. यात जीव कुठं उरलाय, दाखव.”

अंबादासला विचार करावा लागला नाही. पिवळ्या पानात हिरवे गोल ठिपके स्पष्ट दिसत होते.

“हे काय, इथं. आणि इथं. एवढंच निरोगी आहे.”

बुवांनी पान उलटलं. प्रत्येक हिरव्या ठिपक्याच्या मधोमध एक तांबूस फोड. त्यांनी अंगठा फिरवला, तसा अंगठा विटकरी झाला.

“तांबेरा...” अंबादास पुटपुटला.

“बुरशी ती. पानात मुळं घालून बसते. जिथं बसते तिथलं हिरवं मरू देत नाही. पानभरची साखर तिथंच ओढते. तेवढ्या पानाला वाटतं, आपलं किती बरं चाललंय.”

“आणि बाकीचं पान?”

“धापा टाकतं. ताप भरलेल्या माणसासारखं, आहे तेवढं जाळत बसतं.”

बुवांनी त्याच रोपाची ओंबी तोडून त्याच्या हातावर ठेवली. “चोळ.”

अंबादासनं चोळली, फुंकर मारली. भुसकटाबरोबर दाणेही उडाले. उरले ते सुरकुतलेले.

“दिवसभर उन्हात रांधलं पानानं,” बुवा म्हणाले. “ओंबी मात्र उपाशी.”

अंबादासनं तळहात झटकला. त्याला जांबवाडीची माणसं आठवली. झोळीचा बंद त्यानं मुठीत धरला होता...

“कळलं,” तो पडेल आवाजात म्हणाला. “मी तांबेरा. तुम्हाला चिकटून बसलोय.”

“तू रे कसला तांबेरा? पहाटेपासून राबणारा हिरवा ठिपका तू.”

“मग तांबेरा कोण?”

बुवांनी विटकरी अंगठ्याकडे पाहिलं. मग भस्म लावावं तसा तो स्वतःच्याच कपाळाला लावला.

...

अंबादासचे डोळे भरून आले. कपाळ पुसायला तो उपरणं घेऊन पुढं झाला. बुवांनी त्याचं मनगट धरलं, आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं. सोडलं तेही आधी बुवांनीच.

अंबादासनं झोळी खांद्याला नीट अडकवली.

“पुन्हा कधी येऊच नको का, बुवा?”

“ये की,” बुवा म्हणाले. “येताना जांबवाडीचे गहू आण. आमचे यंदा पोचट.”