कमळजा आणि घरच्या माणसांची चित्रं

आपल्या पणज्यांच्याही पणज्या जन्माला यायच्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट आहे. एका राज्यात, नदीकाठच्या लहानशा गावात एक कुंभार राहत होता. घरात तो, त्याची बायको आणि दोन मुली. थोरलीचं नाव कमळजा, धाकटीचं सगुणा.

बाप चाक फिरवी, आई माती मळी, सगुणा गोवऱ्या गोळा करून आणी. कमळजाही हाताखाली असे. पण मडकी भाजायचा आवा विझला, की त्यातला एखादा कोळसा उचलून ती घराच्या बाहेरच्या भिंतीवर चित्रं काढत बसे. देवाची नाही, राजाची नाही, हत्तीघोड्यांची तर मुळीच नाही. ती घरच्या माणसांची चित्रं काढी. बाबा शिंकताहेत. आई कोंबडीमागे धावतेय. सगुणा चिंचेच्या फांदीला उलटी लटकलीय.

चित्रं अगदी ओबडधोबड असत. हात पळीसारखे, नाक एका गालावर सरकलेलं, एक डोळा मोठा तर दुसरा बारीक. पण चित्र झालं की सगळे भिंतीपाशी गोळा होत.

"हा मी?" बाप म्हणे. "माझं पोट एवढं आहे?"

"याहून मोठं आहे," आई म्हणे. "तिला भिंत पुरली नाही."

आणि सगळे पोट धरून हसत.

एकदा राजाच्या पदरी असलेला एक म्हातारा चितारी रंगांसाठी माती शोधत त्या गावात आला. भिंतीपाशी येताच त्याचे पाय थबकले. बराच वेळ तो नुसता पाहत राहिला.

"ही कोणी काढली?"

कमळजा आईच्या मागे लपली. आईने तिला हाताला धरून पुढे केलं.

"हात चुकलेत," म्हातारा म्हणाला. "पाय चुकलेत. नाकांबद्दल तर न बोललेलं बरं. पण ही कोंबडी खरंच पळतेय. ते काही कोणाला शिकवता येत नाही. बाकीचं मी शिकवीन. पाठवता का मुलीला माझ्याबरोबर?"

बाप आईकडे पाहू लागला. आईने मातीचे हात पदराला पुसले. "शिकू दे," ती म्हणाली, आणि लेकीचं गाठोडं बांधायला आत गेली.

कमळजा राजधानीत सहा वर्षं राहिली. तिच्यासारखी शिकणारी त्या म्हाताऱ्याने जन्मात पाहिली नव्हती. पहिलं वर्ष तिने नुसत्या रेघा मारल्या. दुसरं वर्ष नुसते हात काढले. दळणाऱ्या बाईचे, म्हाताऱ्या शिपायाचे, तान्ह्या बाळाचे. मग दगड घोटून रंग करायला शिकली, खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला बांधायला शिकली. सकाळची सावली आणि तिसऱ्या प्रहराची सावली यांतला फरक तिला डोळे मिटूनही सांगता येऊ लागला. एकच कोपर तिने शंभरदा काढलं. नव्व्याण्णव वेळा गुरुजींनी चूक दाखवली आणि शंभराव्या वेळी ते काहीच बोलले नाहीत. तेव्हा तिला कळलं, की जमलं.

सहाव्या वर्षी तिने राणीचं चित्र काढलं. राजा त्या चित्रापुढे उभा राहिला आणि राणीच्या शेल्याची चुणी सारखी करायला त्याने हात पुढे केला. मग त्याच्या लक्षात आलं, की हे कापड नव्हे, रंग आहे. त्या दिवसापासून कमळजाचं नाव राज्यभर झालं.

ती घरी परतली. वेशीपासून सगळं गाव तिच्यामागे चालत आलं. पण घराची भिंत दिसताच तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ते पळीसारखे हात! ती नाकं! आणि दुसऱ्याच दिवशी राजधानीतले दोन नावाजलेले चितारी तिच्या घरी येणार होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे आई नदीवर गेली असताना कमळजाने चुना कालवला आणि सगळी भिंत पोतारून पांढरी केली.

आई परत आली. डोक्यावरची घागर तशीच ठेवून ती भिंतीपुढे उभी राहिली. "इथली चित्रं कुठं गेली गं?"

"आई, मला लाज वाटत होती. त्या हातांना हात तरी म्हणायचं का? मी तुम्हा सगळ्यांचं खरं चित्र काढीन. राजवाड्यातसुद्धा नसेल असं."

आईने ओल्या चुन्यावरून एकदा हात फिरवला. "काढ हो," एवढंच ती म्हणाली.

दोन-चार दिवसांनी कमळजाने पाहिलं, की आई झाकण ठेवायला मडकं चाचपते, वाटेतल्या पाटाला अडखळते. तिने सगुणाला विचारलं.

"तुला कोणी सांगितलं नाही?" सगुणा म्हणाली. "आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, ताई. वैद्यबुवा म्हणाले, येत्या पावसाळ्यापर्यंत थोडंफार दिसेल. पुढचं सांगता येत नाही."

कमळजाने मनाशी ठरवलं, की आईची नजर जायच्या आत तिला असं चित्र दाखवायचं, की ते मिटल्या डोळ्यांपुढेही उभं राहील.

ती कामाला लागली. पण आता तिच्या डोळ्यांना प्रत्येक गोष्ट खुपू लागली. उजेड फार कडक आहे. बाबा, हनुवटी वर करा. सगुणा, हसू नकोस, गाल फुगतात. आई, नवं लुगडं नेस आणि खांदा सैल सोड. बाप शिंकला, तर तिने आठ दिवसांचं काम पुसून टाकलं. होता होता असं झालं, की तिने कुंचला उचलला रे उचलला, की घरातलं बोलणं थांबे. सगळे पाठी ताठ करून बसत.

एकदा ती वैतागून म्हणाली, "तुमच्या चेहऱ्यांत जीव कसा तो नाही!"

"पूर्वी आम्ही पळत असायचो, तेव्हा तू आम्हाला काढायचीस," सगुणा म्हणाली. "आता आम्हाला बसवून ठेवतेस. मग जीव कुठून आणू?"

कमळजाला राग आला. पण तिने काम सोडलं नाही. फक्त रात्र झाली की थांबे, उजाडलं की पुन्हा बसे. चैत्र उलटून गेल्यावर चित्र पुरं झालं.

काय चित्र होतं ते! बापाच्या मनगटावरची सुकलेली माती दिसत होती. सगुणाच्या केसांतून ऊन आरपार येत होतं. गाव लोटलं. राजधानीहून गुरुजी मुद्दाम आले. त्यांनी चित्र जवळून पाहिलं, लांबून पाहिलं आणि म्हणाले, "इतकं चांगलं मलाही कधी जमलं नाही."

मग कमळजाने आईला हात धरून चित्रापुढे आणलं. आईने चेहरा जवळ नेला, मागे घेतला, पुन्हा जवळ नेला.

"रंग गोड आहेत," ती म्हणाली. "ही निळी नदी का गं?"

"आई, ते तुझं लुगडं आहे."

आई ओशाळून हसली. "सुरेख असणार. एवढे लोक म्हणतात म्हणजे असणारच. माझ्यापुढं धुकंच फार आलंय. ती भिंतीवरची मात्र मला दिसायची. जाड काळ्या रेघा होत्या ना. तू गेल्यावर मी रोज सकाळी तिथं उभी राहायची. त्यात तू नव्हतीस, पण तुझा हात होता. मला वाटायचं, लेक आत्ताच कोळसा टाकून आत गेलीय."

कमळजा तिथून निघाली. बाहेर जाऊन ती नखांनी चुना खरवडू लागली. पण चुन्याबरोबर कोळसाही निघून येत होता. हाती आली ती पांढरी भुकटी. ती भिंतीला टेकून रडली. मागून गुरुजी आले आणि काठी बाजूला ठेवून तिच्याजवळ जमिनीवर बसले.

"गुरुजी, मी चुकीचं शिकले का?"

"शिकलीस ते अगदी बरोबर," म्हातारा म्हणाला. "पण चित्र कोणासाठी काढायचं, हे आधी विचारायचं असतं. ते सांगायचं माझ्याकडूनच राहून गेलं, पोरी."

दुसऱ्या सकाळी तिने पुन्हा कोळसा उचलला. सुरुवातीला हात ऐकेना. एक रेघ मारली की ती सुधारावीशी वाटे. मग तिने सुधारायचं सोडलं. घरात जे घडे, ते घडता घडता ती भिंतीवर काढी, चांगलं जाडजूड. आई जवळ उभी राहून पाही. महिनाभर तिला ते दिसलं.

मग आभाळ भरून आलं आणि एके दिवशी आई भिंतीपुढे उभी राहून म्हणाली, "आज काय काढलंयस?" चित्र तिच्या नाकासमोर होतं.

कमळजाने तिला हाताला धरून मातीच्या ढिगापाशी नेलं. आई माती मळायला बसली. मळता मळता तिने चिखलातून तांदळाच्या दाण्याएवढा खडा अचूक काढला आणि बाजूला टाकला.

कमळजाने ते पाहिलं.

तेवढ्यात अंगणात आरडाओरडा झाला. शेजाऱ्यांची शेळी मडक्यात तोंड घालून बसली होती आणि डोकं तसंच अडकवून ती अंगणभर धावत होती. बाप तिची शेपटी धरून मागे फरफटत होता. कमळजाने कोणाला थांबा म्हटलं नाही. तिने मातीचा गोळा पाटावर थापला, बांबूची कामटी घेतली आणि पाहता पाहता मातीत रेघा कोरल्या. मोजून अकरा. सहा वर्षांत काढलेली सगळी कोपरं, सगळे गुडघे त्या अकरा रेघांत उतरले. एकही रेघ जास्त नव्हती आणि एकही चुकली नव्हती.

पाट तिने आईच्या मांडीवर ठेवला. आईची बोटं मातीवरून हळूहळू चालू लागली.

"हे मडकं. पोट भरदार आहे. अगं, पण मडक्याला पाय कसे? चार पाय?" बोटं थबकली, मागे गेली, शेपटीवर आली. शेपटीच्या टोकाला एक मूठ होती. मुठीमागे लांबलेला हात, हातामागे उताणा पडू घातलेला माणूस. "अगं बाई! हे तर तुझे बाबा!"

आणि आई इतकी हसली, की तिला ठसका लागला. सगुणा हसली. अंगणातून धापा टाकत आलेला बाप आधी रागावला, मग तोही हसत खाली बसला.

बापाने ती कोरलेली मातीची पाटी पाटावरून काढून आव्यात भाजली. त्यानंतर रोज एक पाटी कोरली गेली. आई पुढे पुष्कळ वर्षं जगली. डोळे गेले, तरी घरात काय घडलं हे तिला कधी कोणाला विचारावं लागलं नाही. दुपारी अंगणात बसून ती त्या दिवसाची पाटी बोटांनी पाही आणि येणाऱ्याजाणाऱ्याला मोठ्या कौतुकाने समजावून सांगे.

कमळजाने राजाची कामं सोडली नाहीत. उलट लोक म्हणू लागले, की हल्ली तिच्या चित्रांतली माणसं नुकतंच काहीतरी बोलून थांबल्यासारखी दिसतात. राजाने तिला आपली मुख्य चितारी केलं आणि तिने काढलेलं घरच्यांचं ते चित्र दरबारात लावलं. पाट्याही त्याने मागितल्या. त्या मात्र तिने दिल्या नाहीत.

तेव्हा लहानथोरांनो, हात कितीही तयार झाला, तरी आपल्या माणसाच्या साध्याशा चित्राला कमी लेखू नये. ते कसब दाखवायला काढलेलं नसतं, माणूस जवळ राहावा म्हणून काढलेलं असतं.