तिळू मुंगीचं दार

खूप जुनी नाही, थोडीशीच जुनी गोष्ट. घराघरात स्टोव्ह फर्र फर्र करायचा ना, तेव्हाची.

एक होतं घर. घरात मुक्ताकाकू आणि धोंडूकाका. घरामागे मोरी. मोरीच्या भिंतीत एक बीळ. बिळात राहायची तिळू मुंगी. काळी काळी, तिळाएवढी.

बिळात होती तिची पिल्लं. एक दिवस पिल्लं म्हणाली, "आई गं, भूक!"

तिळू निघाली. तुरू तुरू, तुरू तुरू. शेजारच्या अंगणात तिला भाताचं एक शीत मिळालं. मऊ मऊ, पांढरं पांढरं. तिने ते डोक्यावर घेतलं आणि घरी आली. तुरू तुरू, तुरू तुरू.

बघते तर काय? दारच नाही!

दारासमोर बसली होती खरकट्याची बादली. ही एवढी मोठी! शिळ्या भाताने भरलेली. आंबूस आंबूस वास. शी!

आतून आवाज आला, "आई गं, भूक!"

तिळू म्हणाली,
"बादली, बादली, सरक ना!
पिल्लं माझी उपाशी,
मी घरात जाऊ कशी?"

बादली म्हणाली, "मी नाही सरकत. माझं पोट जड. पातेलं रोज उरलेला भात ओततं. डबाक! पातेलं संपू दे, मग मी सरकेन."

तिळू गेली पातेल्याकडे. तुरू तुरू, तुरू तुरू. पातेलं ओट्यावर पालथं पडलं होतं. चकचकीत, घासलेलं.

"पातेल्या, पातेल्या, संप ना!
बादली सरकेना.
पिल्लं माझी उपाशी,
मी घरात जाऊ कशी?"

पातेलं म्हणालं, "मी नाही संपत. मी रोज काठोकाठ. वाटी तांदूळ घालते, घालते, घालतच राहते. वाटी थांबू दे, मग मी संपेन."

तिळू गेली वाटीकडे. तुरू तुरू, तुरू तुरू. वाटी तांदळाच्या डब्यात बसली होती.

"वाटी, वाटी, थांब ना!
पातेलं संपेना,
बादली सरकेना.
पिल्लं माझी उपाशी,
मी घरात जाऊ कशी?"

वाटी म्हणाली, "मी नाही थांबत. मी काकूंच्या हातात. सर्र सर्र, सर्र सर्र! काकू मोजू देत, मग मी थांबेन."

तिळू गेली काकूंकडे. तुरू तुरू, तुरू तुरू. काकू सुपात तांदूळ निवडत होत्या.

"काकू, काकू, मोजा ना!
वाटी थांबेना,
पातेलं संपेना,
बादली सरकेना.
पिल्लं माझी उपाशी,
मी घरात जाऊ कशी?"

काकूंचा हात सुपातच राहिला.

"कशी मोजू गं बाई?" काकू म्हणाल्या. "इथे ताटांची रांग लागायची. विजू, निमा, बाळ्या, शमी. 'आई, भात! आई, अजून भात!' आता विजू नोकरीला. निमा सासरी. बाळ्या आणि शमी शिकायला गेले. माझ्या हाताला मात्र तीच सवय. मी नाही मोजत. आज जेवायला कोण, ते काका सांगू देत. मग मी मोजेन."

तिळू गेली काकांकडे. तुरू तुरू, तुरू तुरू. काका ओसरीवर रेडिओ ऐकत होते.

"काका, काका, सांगा ना!
काकू मोजेनात,
वाटी थांबेना,
पातेलं संपेना,
बादली सरकेना.
पिल्लं माझी उपाशी,
मी घरात जाऊ कशी?"

काका म्हणाले, "मी नाही सांगत. 'दोघंच' म्हणायचं? जीभच उचलत नाही माझी."

आता कुणाकडे जायचं? कुणीच उरलं नाही. तिळू तिथेच बसली. डोक्यावर शीत, डोळ्यांत पाणी.

"काका," ती हळूच म्हणाली, "पिल्लं माझी वाट बघतात हो."

"वाट बघतात?"

"हो. दाराकडे तोंड करून."

काकांनी आपल्या दाराकडे पाहिलं. तेही रोज संध्याकाळी दाराकडे तोंड करूनच बसायचे.

काकांनी रेडिओ बंद केला. खट्! ते उठले. स्वयंपाकघरात गेले.

"अगं, ऐकलंस का? आज आपण दोघंच."

काकूंनी पदराने डोळे पुसले. "हो," त्या म्हणाल्या. "दोघंच."

"पोरं यायची असली, की आदल्या दिवशी सांगीन तुला. मग काढ मोठं पातेलं. अगदी काठोकाठ भर!"

काकू हसल्या.

मग काय!

काकांनी सांगितलं, काकूंनी मोजलं.
काकूंनी मोजलं, वाटी थांबली.
वाटी थांबली, भात झाला दोघांपुरता. खदखद, खदखद!

काका-काकू शेजारी शेजारी जेवायला बसले. काकूंनी आधी थोडाच वाढला. "अजून हवा?"

"वाढ की एक घास!"

पातेल्यात डाव वाजला. टण्ण! पातेलं संपलं.

काकांनी बादलीतला शिळा भात उचलला. परसात केळीच्या बुंध्याशी पुरला. नवा भात आलाच नाही. बादली झाली हलकी हलकी. काकूंनी बोटाने ढकलली.

खर्र! बादली सरकली.

आणि दार दिसलं!

तिळू पळाली. तुरू तुरू, तुरू तुरू, तुरू तुरू!

"आई आली! आई आली!"

पिल्लं तिला बिलगली. तिळूने शीत खाली ठेवलं. ज्याला जेवढी भूक, त्याला तेवढा घास. धाकट्याला इवलासा. मोठीला जरासा मोठा. शेवटचा घास आईला.

शीत संपलं. भूकही संपली.

पिल्लं निजली, आणि गोष्टही निजली.