खिंडीत बसलेला दगडी हत्ती

गप पडा सगळे. हात पांघरुणात घ्या. आता ऐका.

एक होती राणी. म्हाळसा तिचं नाव. उंच कड्यावर तिचं राज्य. तिची माणसं घोड्यावर बसत नसत, गरुडावर बसत. घराएवढे गरुड, बरं का. पण ते म्हातारे झाले, एकेक करून गेले. मागे उरलं एकच अंडं.

कड्यावर एक सूर्यखडा होता. लालबुंद, सदा ऊन. त्याच्या उबेत गरुडाची अंडी फुटायची. एका हिवाळ्यात काय झालं, खालच्या डोहातली माणसं वर आली आणि तो खडा घेऊन गेली. अंडं गार पडायला लागलं. राणीनं कान लावला. आतली धडधड मंद झाली होती.

मग राणीनं अंडं शालीत गुंडाळून बरोबर घेतलं आणि भाला उचलला. सगळं सैन्य उठलं.

पण खाली जायची वाट एकच, खिंडीतली. तिथं एक दगडी हत्ती. डोंगराएवढा. एरवी उभा असायचा, लोक त्याच्या पोटाखालून येत-जात. कुणी लढाईसाठी भाला उचलला, की खाली बसायचा. वाट बंद! त्याला उठवायची रीत जुनी होती. आपण का लढतो ते सांगायचं नाही. समोरचा का लढतो ते सांगायचं. खरं निघालं, तरच हत्ती उठणार. दोन्हीकडच्यांनी सांगायचं, बरं का.

राणी पुढं झाली. म्हणाली, "त्यांना चोरीची खोड आहे."

हत्ती हलला नाही.

"ते आमच्यावर जळतात."

हत्तीनं कानसुद्धा हलवला नाही. पलीकडं डोहाचं सैन्य खिंड अडवायला आलं होतं, तिकडून हसू आलं.

हत्तीचा पाय आणि कडा यांच्यामध्ये हात जाईल एवढी फट होती. त्या फटीतून डोहाचा राजा सुभान ओरडला, "वहिनीसाहेब, रात पडेल अशानं!"

राणी तापली. फटीशी वाकून म्हणाली, "मग तूच सांग मेल्या! का नेलास खडा?"

"विचारायचं आत्ता सुचलं होय?" सुभान म्हणाला. मग त्याचा आवाज उतरला. "डोह गोठला, बाई. आमची कासवं बर्फात अडकली. घरं त्यांच्या पाठीवर, लेकरं घरात. खड्यानं बर्फ वितळला. आता खडा काढला, तर पुन्हा गोठेल."

राणीनं शालीतल्या अंड्याकडं पाहिलं. मग हत्तीकडं वळली आणि सावकाश म्हणाली, "त्याची लेकरं गारठून मरतील, म्हणून तो लढतोय."

डोंगर घुमला. हत्तीनं सोंड उचलली. पाखरं गप्प झाली.

आता पाळी सुभानची. तो म्हणाला, "बाई हट्टी आहे, म्हणून लढते."

सोंड पुन्हा खाली. आता राणीकडचे हसले.

राणीनं शालीतलं अंडं काढलं आणि फटीशी धरलं. म्हणाली, "हात लाव."

एवढं एकच अंडं, आणि हात वैऱ्याचा! पण तिनं धरलं. सुभाननं हात लावला. आतली धडधड त्याच्या बोटांना लागली. अगदी बारीक. तो हळूच म्हणाला, "हिचं शेवटचं पाखरू जातंय. म्हणून लढते ही."

मग हत्ती उठला. केवढा उठला म्हणता! ढग त्याच्या पाठीवरून ओघळले. दगडाच्या डोळ्यांतून पाणी वाहिलं. दोन्ही सैन्यांचे गुडघे आपोआप टेकले.

वाट मोकळी झाली. दोन्ही बाजू खऱ्या ठरल्या. आता लढायला कुणाची आडकाठी नव्हती.

सेनापती म्हणाला, "राणीसाहेब, हुकूम द्या. न्याय आपल्या बाजूनं आहे."

"आहे ना," राणी म्हणाली. "त्याच्याही आहे. आणि अंडं गारच आहे."

तिनं भाला खाली ठेवला. अंडं पदरात घेतलं आणि एकटी हत्तीच्या पोटाखालून चालत गेली. कुणी तिला अडवलं नाही. डोहाच्या काठी गुडघ्याएवढ्या ऊन पाण्यात उतरली आणि सूर्यखड्याशेजारी अंडं ठेवलं. सुभानच्या लेकरांनी भोवती कडं केलं. कुणी शिंकलंसुद्धा नाही.

टक्. टक्. टक्.

अंडं फुटलं. ओलं पिल्लू बाहेर आलं. त्यानं पंख झाडले, सगळ्यांना भिजवलं, आणि आधी सुभानच्या नाकाला चोच मारली. राणी हसली. कड्यावरचं कुणी डोहाकाठी हसलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा.

पुढं कड्यावरचे आणि डोहातले सुखानं नांदले. पिल्लू मोठं झालं, दोन्हीकडच्या लेकरांना पाठीवर घेऊन उडालं.

झालं. आता चुळबुळ नको. दिवा मालवतोय. झोपा.