गोजराबाईचा उजवा हात

"चाचा, हाड शाबूत आहे. सांधाही जागेवर आहे. मग हात वर का जात नाही?"

विश्वंभरनं हे तिसऱ्यांदा विचारलं. वैद्यकीची पदवी घेऊन तो कासमचाचांकडे हाडं बसवायला शिकायला आला होता. शरीरातलं एखादं कोडं आपल्याला सुटणार नाही, असं त्याला आजवर कधी वाटलं नव्हतं.

समोर गोजराबाई कुंभारीण बसली होती. ओढ्याच्या पाण्यात तिची लेक याच हातातून निसटून वाहून गेली. त्याला दोन महिने झाले. तेव्हापासून तो हात मांडीवर पडून होता.

विश्वंभरनं आठ दिवस तेल चोळलं, शेक दिला. काही फरक नाही. शेवटी तिच्यादेखतच तो म्हणाला की, हे दुखणं मनाचं आहे, आपलं काम शरीराशी; बाईला परत पाठवावं.

गोजराबाईनं मान खाली घातली.

चाचा उठून तिच्यासमोर बसले. तिचा डावा हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि तेल लावून हलके हलके चोळू लागले.

"चाचा, दुखणं उजव्या हाताचं आहे."

"ठाऊक आहे."

मग ते तिला लेकीचं विचारू लागले. नाव काय, खायला काय आवडायचं… दोन महिन्यांत हे कुणीच विचारलं नव्हतं. सगळे ते नाव टाळत होते.

ती बोलू लागली. सुंदरा फिरत्या चाकावर मुद्दाम बोट टेकवायची. मडकं वाकडं व्हायचं. मग तेच माझं म्हणून घरभर मिरवायची.

सांगता सांगता गोजराबाई हसली. गालांवर पाणी होतं, आणि ती हसत होती.

"केवढी होती गं?" चाचांनी विचारलं. तिचा डावा हात त्यांनी सोडला नव्हता.

उजवा हात मांडीवरून हलला. छातीपाशी येऊन अडला… मग खांद्याच्याही वर गेला आणि हवेत आडवा थांबला.

"एवढी."

विश्वंभर पुढे सरसावला. चाचांनी नजरेनंच त्याला थांबवलं.

ती त्या हाताकडे बघत राहिली. मग त्याच हातानं तोंड झाकून पोटभर रडली.

ती गेल्यावर विश्वंभर चाचांच्या पायाशी येऊन बसला.

"त्या हाताला तुम्ही बोटही लावलं नाही. ही विद्या मला शिकवा, चाचा."

चाचांनी हाताचं तेल पुसलं.

"विद्या कसली? पोर उंच होती, बाळा."