कोरी, एकदाही न वापरलेली

एका गावात एक भोळा माणूस होता. नाव बयाजी. भोळा म्हणजे किती? डॉक्टरांनी सांगितलं, गोळी जेवल्यावर घ्या. तर हा उपासाच्या दिवशी ताप अंगावर काढायचा.

बयाजी तेलगिरणीत कामाला होता. गिरणी बंद पडली. सात महिने झाले, दुसरं काम मिळेना. बायको फुलाबाई ब्लाउज शिवायची, त्यावर कशीबशी चूल पेटायची. शेवटी तिने त्याच्या हातात मोबाइल दिला.

"अहो, यात जुन्या वस्तू विकता येतात. फोटो टाकायचा, खाली दोन ओळी लिहायच्या. लोक घरी येऊन घेऊन जातात. नोकरी लागेपर्यंत तेवढाच आधार. पण माझ्या शिलाई मशीनला हात लावायचा नाही हं! ते गेलं तर आपण उपाशी मरू."

"मशीन सोडून काहीही," बयाजी म्हणाला.

पहिल्यांदा त्याने पंखा काढला. घेणारा आला आणि नाक दाबून उभा राहिला. "अहो, दोन बोटं धूळ आहे यावर! विकायची वस्तू घासूनपुसून लख्ख करावी." पंखा निम्म्या किमतीत गेला. बयाजीने मात्र सांगितलेलं डोक्यात पक्कं बसवलं. त्याच्या डोक्यात एकदा बसलं की बसलं.

मग निघाली फुलाबाईच्या माहेरची पत्र्याची पेटी. तिच्यावर हाताने रंगवलेला मोर होता. त्या मोरासाठी शहरातून एक हौशी गृहस्थ गाडी करून आले. बघतात तो पेटी आरशासारखी चकचकीत!

"मोर कुठंय?"

"घासला," बयाजी म्हणाला. "दोन तास लागले. शेपूट लवकर निघेना."

गृहस्थ रडायचे बाकी राहिले. "अरे बाबा, जुनी वस्तू जशी आहे तशी द्यायची असते! हात लावायचा नसतो!"

"आपलं चुकलंच," बयाजी म्हणाला, आणि तेही डोक्यात बसवलं.

पुढच्या आठवड्यात कपाट विकलं. जसं होतं तसं. आत फुलाबाईच्या चार साड्या आणि लोणच्याची बरणी. टेम्पो खड्ड्यात आदळला, बरणी फुटली. संध्याकाळी घेणारा तेल गळणाऱ्या साड्या घेऊन दारात. "कपाट देताना आतलं सगळं काढून, रिकामं करून द्यावं, एवढंही कळत नाही?"

फुलाबाईने कपाळावर हात मारला. बयाजीने डोक्यात बसवलं.

मग गादीची पाळी आली. घ्यायला शाळेतले मास्तर आले. बयाजीने घडी घातलेली खोळ त्यांच्या हातात ठेवली.

"आणि कापूस?"

"काढला की! आतलं सगळं काढून, रिकामी करून ठेवलीय."

मास्तरांनी खोळ खाली टाकली. "बयाजी, तुझ्यापुढं मी हात टेकले. आणि ऐक, जुन्याला मुळी भावच नाही. घरात कोरं, एकदाही न वापरलेलं असं काही असेल, तर ते विक. लोक मागशील ती किंमत देतील."

हे बयाजीला फार पटलं. त्याने सगळं घर पालथं घातलं. पातेली वापरलेली, पाट वापरलेला, देवसुद्धा रोज घासलेले. कोरं म्हणून काही सापडेना.

इकडे फुलाबाई मशीनवर डोकं टेकून रडत होती. विकायला आता तेवढंच उरलं होतं. पण देवाला दया आली. बर्फाच्या कारखान्याच्या शेठाणी तिच्याकडे ब्लाउज शिवायच्या. त्यांना तिने आपलं दुःख सांगितलं. त्यांनी शेठजींकडून चिठ्ठी आणून दिली: 'चिठ्ठी घेऊन येणाऱ्यास सोमवारपासून कामावर घ्यावे.'

"अहो, ही चिठ्ठी म्हणजे नोकरी आहे बरं का," फुलाबाई डोळे पुसत म्हणाली. "सांभाळून ठेवा. माझं मशीन वाचलं!" तिने देवापुढे साखर ठेवली आणि ब्लाउज पोचवायला गेली.

परत आली तर बयाजी दारातच. हातात नोटा, तोंडभर हसू.

"अगं, तीन हजार आले! मागितले तेवढे दिले, घासाघीस नाही!"

"काय विकलंत?"

त्याने मोबाइल पुढे केला. चिठ्ठीचा फोटो होता. खाली लिहिलं होतं: 'नोकरी विकणे आहे. कोरी. एकदाही वापरलेली नाही. पसंत न पडल्यास आठ दिवसांत परत घेऊ.'

फुलाबाई मटकन खाली बसली. मग ती शेवटची ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिली. आठ दिवस तिने एक वेळ जेवून देवापुढे दिवा लावला, की देवा, त्या माणसाला नोकरी पसंत पडू देऊ नकोस.

आठव्या दिवशी त्या माणसाचा मेसेज आला. 'नोकरी फारच छान निघाली. अशीच अजून एक असेल तर माझ्या भावाला हवी आहे.'

बयाजीला आनंद मावेना. "अगं ए, ऐकलंस का? त्या शेठाणीबाईंकडून अजून एक चिठ्ठी आण ना. गिऱ्हाईक तयार आहे!"