ठकूआईची काळी घोडी

फार वर्षांपूर्वी, मुलखात लढाया सरता सरत नव्हत्या, त्या काळी निंबसरला घोड्यांची मोठी पागा होती. रखमाजी तिथला मोतद्दार. घोड्यांना दाणा-वैरण घालावी, खरारा करावा, त्यांची दुखणीखुपणी बघावीत, हे त्याचं काम. बायको ठकू, आणि एकुलता एक लेक कुशा.

कुशाच्या मनानं लढाईवर जायचं घेतलं. रखमाजी म्हणाला, "रिकामी परत आलेली घोडी मी लई बघितलीत. तू जायचं न्हाईस." बापापुढं पोराचं काही चालेना. मग तो आईच्या मागं लागला. आईचं काळीज ते, किती दिवस दगड राहणार? एका पहाटे रखमाजी घोड्यांना पाणी पाजायला नदीवर गेला होता. ठकूनं पागेतली काळी घोडी सोडली आणि लगाम लेकाच्या हाती दिला.

पावसाळा सरला आणि घोडी एकटीच परत आली. खोगीर कललेलं, मानेवर तलवारीचा वार. रखमाजीनं खोगीर उतरवलं, जमिनीवर ठेवलं आणि बायकोकडं बघितलं.

"लगाम कुणी दिला हुता?"

"म्या," ठकू म्हणाली.

तो रागावला नाही, त्यानं हात उगारला नाही. पण त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलला नाही. ताट पुढं आलं की भिंतीकडं तोंड करून जेवायचा. एका छपराखाली दोन माणसं आणि मधे मेलेला मुलगा, असा तो संसार झाला.

इकडं घोडीही बिथरली. जवळ येईल त्याला चावू लागली, दावं तोडून माळावर पळाली. सगळ्या पागेची दुखणी बघणारा रखमाजी तिच्याकडं फिरकला नाही. ठकू मात्र रोज माळावर जायची. वैरण टाकायची आणि लांब बसून राहायची. कुशा गेल्यापासून तिच्या डोळ्यांतून पाण्याचा टिपूस आला नव्हता. एके दिवशी घोडी आपणहून आली आणि तिनं ठकूच्या खांद्यावर मान टाकली. तेव्हा ठकू रडली. असं म्हणतात, ते रडणं ऐकून माळावरच्या टिटव्या उडाल्या त्या दिवस मावळेपर्यंत खाली उतरल्या नाहीत.

गावात एका कोष्ट्याची पोर होती, सोनी. पटकीच्या साथीत आईबाप गेले आणि तिची वाचा बसली. ठकूचं रडू घोडीपाशी मोकळं झाल्याचं ऐकून तिची आजी तिला घेऊन माळावर आली. ठकू म्हणाली, "हिला बोल म्हनू नका. नुसती उभी ऱ्हाऊ द्या." घोडीनं मान खाली केली. पोरीनं तिच्या मानेला मिठी मारली, कितीतरी वेळ सोडली नाही, आणि मग म्हणाली, "आजी, हिचं अंग ऊन हाय."

मग माणसं येऊ लागली. चूल वेगळी केलेले भाऊ आले, माहेर तुटलेल्या बाया आल्या. कुणी राग घेऊन आला की घोडी लांब जायची. राग निवला की जवळ यायची. असं म्हणतात, ज्याचं दुःख ती घेई त्याच्यामागं तिच्या अंगावरचा एक केस पांढरा होई. बघता बघता काळी घोडी करडी झाली. लोक ठकूला आई म्हणू लागले, पाया पडू लागले. ती पाय मागं घ्यायची.

साऱ्या गावाचे अबोले सुटले, तिच्या घरचा सुटला नाही. सणावारी ती नवऱ्याला म्हणायची, "एकदा माळावर चला." तो उठून पागेत जायचा.

पुढं रखमाजीनं अंथरूण धरलं. अन्न तुटलं, नजर आढ्याला लागली. माळावर पळाल्यापासून घोडीनं गावात पाऊल टाकलं नव्हतं. ठकूनं तिच्या कानात काही सांगितलं, आणि ती मागोमाग चालत दारातून आत आली, अंथरुणाशी उभी राहिली. रखमाजीनं हात उचलला आणि तिच्या मानेवरच्या जुन्या वणावर ठेवला.

"कुठं पडला माझा कुशा?" तो म्हणाला. "एकटाच हुता का गं?"

इतक्या वर्षांनी तो आवाज ऐकून ठकूला वाटलं, आपल्यालाच विचारतोय. ती जवळ सरकली. "अवं," म्हणाली, "मी हितं हाय." पण त्याचे डोळे घोडीवरच होते. तसेच ते थिजले.

त्या दिवशी पागेतल्या एकाही घोड्यानं दाण्याला तोंड लावलं नाही, असं म्हणतात. रखमाजीची माती झाली आणि ठकूआई घोडीला घेऊन, कुशा गेला होता त्या वाटेनं निघाली. धनगरांनी दोघींना खिंडीपर्यंत बघितलं. खिंडीपलीकडं कुणालाच दिसल्या नाहीत.

आता निंबसरला पागा नाही, घोडंही नाही. तरी पौषातल्या अवसेला गाव कुठून तरी एक घोडी आणतं आणि माळावर उभी करतं. ज्या घरात अबोला आहे ती माणसं येतात आणि घोडीच्या अंगावर हात ठेवून समोरासमोर उभी राहतात. नारळ फुटत नाही, हलगी वाजत नाही. जुन्या बाया एवढंच सांगतात, "हात घोडीवर ठेवा, पर नजर मानसाकडं ठेवा." काहीजण बोलत घरी जातात. पुष्कळजण आले तसेच मुके परततात, एक पुढं, एक मागं. त्यांना गाव काही विचारत नाही.